कुलूपबंद झिप आणि गेटवेचा हिरवा शिक्का

मंगळवारी सकाळी साडेअकराला हिशेब विभागातून फोन आला. “सर, बिलाची फाइल आलीये, पण उघडली की काळी खिडकी लुकलुकते नि जाते. आत काहीच दिसत नाही. तुमच्याकडे उघडतीये का बघता?” मॅडमनी तोवर ती तीनदा उघडून पाहिली होती. फोन चालू असतानाच एंडपॉइंटवरच्या, म्हणजे वापरणाऱ्याच्या मशीनवरच्या, संरक्षणाचा इशारा माझ्या पडद्यावर आला: याच मशीनवर रनडीएलएल३२ या विंडोजच्याच प्रोग्रामने एक अनोळखी डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामकरवी चालणारी कोडची फाइल) चालू केली आहे आणि ती बाहेर कुठेतरी संपर्क साधू पाहते आहे. मी म्हटलं, मशीनची नेटवर्क केबल काढा. “काढू? माझं काम सेव्ह नाही झालंय अजून.” काढाच म्हटलं.

नुकसान आटोक्यात राहिलं. एक मशीन पुसून नव्याने उभं करावं लागलं, त्यावर वापरलेले सगळे पासवर्ड बदलावे लागले, आणि मॅडमचं अर्ध्या दिवसाचं काम गेलं ते गेलंच. पण हे लिहायचं कारण वेगळं आहे. त्या मेलवर आमच्या गेटवेने, म्हणजे आत येणारा प्रत्येक मेल तपासणाऱ्या यंत्रणेने, ‘स्वच्छ’ असा हिरवा शिक्का मारलेला होता, आणि गेटवे बिघडलेला नव्हता. मी सांगून ठेवलं होतं तेच त्याने केलं होतं.

मेल कसा होता

पाठवणाऱ्याच्या जागी एका जुन्या पुरवठादाराचं नाव होतं. नावामागचा पत्ता मात्र भलत्याच डोमेनचा. वर दोन ओळी: सुधारित बिल जोडलं आहे, पासवर्ड ७७४१. खाली दोन महिन्यांपूर्वीचा एका थकलेल्या बिलाचा खरा पत्रव्यवहार, त्यात मॅडमनी स्वतः लिहिलेली वाक्यंसुद्धा जशीच्या तशी. म्हणजे पुरवठादाराकडच्या कुणाची तरी मेलपेटी आधीच फोडलेली होती आणि तिथली पत्रं उचलून त्यांना ‘उत्तर’ पाठवलं गेलं होतं. आपलंच वाक्य खाली दिसत असताना वरच्या दोन ओळींवर शंका घ्यायची हे कुणाकडूनही अपेक्षित धरणं मला तरी पटत नाही. मॅडमची चूक काय, असं मला दोनतीन ठिकाणी विचारलं गेलं. माझं उत्तर एकच होतं, की त्यांनी फोन केला, तोही लपवाछपवी न करता, आणि म्हणून प्रकरण एका मशीनवर थांबलं.

एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन्ही चाचण्या मेलने पास केल्या होत्या. तो कुण्या तिसऱ्याच निष्पाप संस्थेच्या खऱ्या खात्यातून निघाला होता. मेल त्या डोमेनच्या परवानगीने निघाला का, एवढंच या चाचण्या सांगतात. त्या घराची चावी सध्या कुणाच्या हातात आहे, हे त्यांना कळत नाही.

मेलला जोडलेल्या, पासवर्डचं कुलूप लावलेल्या झिपच्या आत एक आयएसओ होती. आयएसओ म्हणजे सीडीची प्रतिमा. विंडोज ८ पासून ती डबल-क्लिकवर थेट एखाद्या ड्राइव्हसारखी उघडते. त्या ‘ड्राइव्ह’मध्ये मॅडमना दिसली एकच वस्तू, कागदाचं चित्र लावलेला एक शॉर्टकट. शेजारी लपवलेली डीएलएल होती, ती दिसत नव्हती. शॉर्टकट दाबला की रनडीएलएल३२ ती डीएलएल चालवणार, एवढीच सगळी यंत्रणा. फोनवर ऐकलेली काळी खिडकी ती हीच.

लॉगमधली बारीक अक्षरं

गेटवेच्या यादीत निकालाचा रकाना हिरवा. ती ओळ उलगडल्यावर खाली बारीक अक्षरांत: ‘अटॅचमेंट एनक्रिप्टेड, तपासणी वगळली’. हे दोन्ही एकाच ओळीत, एकाच वेळी. मी कितीतरी वेळ त्याकडे पाहत बसलो.

तपासणीचे निकाल मुळात तीन असतात. धोका सापडला, धोका सापडला नाही, आणि आत बघताच आलं नाही. आमच्या सेटिंगने तिसरा निकाल दुसऱ्यात ढकलला होता. ‘तपासता न येणाऱ्या फाइली: पुढे जाऊ द्या’ हा पर्याय मीच निवडला होता. तेव्हाची पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. गेटवे नवा होता तेव्हा मी सगळ्या कुलूपबंद फाइली अडवत होतो, आणि पहिल्याच पगाराच्या आठवड्यात पगारपत्रकं, बँकेची विवरणं, वकिलांचे मसुदे असं सगळं अडकून बसलं. वरून निरोप आला, हे आजच्या आज सोडवा. मी पर्याय बदलला आणि शेजारी टिप्पणीत लिहिलं, ‘तात्पुरतं’. बाकी लोक करतात तेच मीही केलं, पुन्हा तिकडे फिरकलो नाही.

अडवा किंवा सोडा, असे दोनच पर्याय समोर दिसतात तेव्हा सोडणं जिंकतं. अडवलेल्या मेलची तक्रार दुपारपर्यंत येते, सोडलेल्या मेलची येत नाही.

कुलपाबाहेरून काय दिसतं

घटनेनंतर पहिला प्रश्न मी स्वतःला विचारला तो असा: पासवर्ड नसतानाही गेटवेला काय काय कळलं असतं? उत्तर ऐकून मला थोडी लाज वाटली, कारण जवळजवळ सगळंच.

झिपचं कुलूप विचित्र आहे. ते मजकुराला लागतं, पाटीला लागत नाही. आतल्या फाइलींची नावं, त्यांचे दाबण्याआधीचे (कॉम्प्रेस करण्याआधीचे) आणि नंतरचे आकार, तारखा, सगळं उघड्यावर असतं. जुन्या पद्धतीच्या कुलपात तर मूळ मजकुराचा सीआरसी-३२ हा पडताळणीचा आकडाही वाचता येतो. म्हणजे ‘बिल’ नावाच्या झिपमध्ये एकच फाइल आहे आणि ती आयएसओ आहे, हे पासवर्डशिवाय कळत होतं. बिल म्हणून सीडीची प्रतिमा कोण पाठवतं? एवढ्या एका नियमाने तो मेल थांबला असता. क्लॅमएव्हीसारख्या मुक्त स्कॅनरमध्ये झिपच्या अशा बाहेरून दिसणाऱ्या तपशिलांवर, म्हणजे नाव, आकार, सीआरसी, कुलूप आहे की नाही यांवर, सिग्नेचर (धोका ओळखण्याची खूण) लिहायची सोय पूर्वीपासून आहे. शिवाय कुलूपबंद झिप किंवा कुलूपबंद दस्तऐवज दिसला की इशारा द्यायची सेटिंगही आहे. आमच्या व्यापारी गेटवेतही अशीच सोय होती. वापरली नव्हती.

इथे एक गंमत ध्यानात आली. झिपसाठी एईएसवर आधारलेलं बळकट एनक्रिप्शन विनझिपने २००३ मध्ये आणलं, पण विंडोजच्या स्वतःच्या एक्सप्लोररला अशी झिप अनेक वर्षं उघडता येत नव्हती. त्यामुळे गुन्हेगाराला जुनंच, कच्चं कुलूप वापरावं लागतं. समोरच्याकडे वेगळं सॉफ्टवेअर असेल याची त्याला खात्री नसते. आमच्या नमुन्यातही जुनंच कुलूप होतं. ते किती कच्चं आहे हे बिहॅम आणि कोचर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं होतं: आतल्या मजकुराचे थोडे सलग बाइट आधीच ठाऊक असतील तर पासवर्ड न कळताही चावी निघते. आयएसओच्या सुरुवातीचे ३२,७६८ बाइट बहुधा कोरे, नुसती शून्यं असतात, तेव्हा मला वाटलं घबाड मिळालं. पण आमची फाइल दाबलेली होती आणि दाबलेल्या मजकुरावर ही युक्ती अशी सरळ लागू पडत नाही. एक संध्याकाळ गेली. आनंद झाला तेवढाच फायदा.

बाकी प्रकारांचं कुलूप वेगळं वागतं. सेव्हनझिप आणि आरएआर यांत नावांसकट सगळं झाकता येतं, मग बाहेरून फक्त एकूण आकार आणि प्रकार उरतो. नवी वर्ड किंवा एक्सेल फाइल मुळात एक झिपच असते, पण एनक्रिप्ट केली की ती बाहेरून झिप राहतच नाही. ती ओएलई या जुन्या ऑफिस फाइलींच्या साच्याची पेटी होते आणि आत कुलुपाची माहिती एका कप्प्यात, मजकूर दुसऱ्या कप्प्यात. फाइलच्या नावामागचा विस्तार एक सांगतो आणि साचा दुसरा, एवढ्यावरून ती ओळखता येते. पीडीएफमध्ये अक्षरांच्या ओळी (स्ट्रिंग) आणि मजकुराचे प्रवाह एनक्रिप्ट होतात, वस्तूंची रचना बऱ्याचदा उघडी राहते. उघडताच काही चालवण्याची किंवा जावास्क्रिप्टची खूण त्या रचनेत दिसू शकते. आणि पीडीएफचे पासवर्ड दोन असतात. नुसत्या छपाई-नक्कल यांवर बंदी घालणारा मालकाचा पासवर्ड लावलेला असेल तर उघडण्याचा पासवर्ड रिकामाच असतो, तेव्हा रिकामा पासवर्ड आधी घालून बघायचा. आमचा गेटवे अशा फाइलींनाही ‘एनक्रिप्टेड’ म्हणून हात लावत नव्हता.

एक्सेलचा किस्सा सांगायलाच हवा. एक्सेल एनक्रिप्ट केलेली वहीखाती उघडताना ‘व्हेल्व्हेटस्वेटशॉप’ हा ठरलेला पासवर्ड स्वतःहून लावून बघतं. तो लागला तर वापरणाऱ्याला काही विचारतच नाही. म्हणजे स्कॅनरला फाइल कुलूपबंद आणि माणसाला उघडी. हल्लेखोरांनी हे दार वर्षानुवर्षं वापरलंय. आमच्या पासवर्डांच्या यादीत आता हा पहिला आहे.

पासवर्ड त्याच मेलमध्ये

ज्या मेलमध्ये कुलूप त्याच मेलमध्ये चावी, याने गुप्तता शून्य मिळते. मेल ज्याच्या हाती पडेल त्याला दोन्ही मिळतात. अशा कुलपाचा परिणाम एकाच वाचकावर होतो, तो म्हणजे स्कॅनर. ही युक्ती नवी मुळीच नाही. २००४ च्या मार्चच्या आसपास बेगल नावाचा मेलमधून पसरणारा वर्म पासवर्ड लावलेली झिप पाठवू लागला, पासवर्ड मजकुरात. अँटीव्हायरसवाल्यांनी मजकुरातून पासवर्ड उचलून झिप उघडायला सुरुवात केली, तर पुढच्या अवतारात पासवर्ड चित्रात आला. सप्टेंबर २०२० मध्ये इमोटेट नावाच्या मालवेअरच्या टोळीने हेच पुन्हा केलं, जोडीला चोरलेल्या पत्रव्यवहारांना उत्तरं. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून इमोटेटचं जाळं ताब्यात घेतलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते परत आलं, कुलूपबंद झिप घेऊनच. आमच्याकडे आलेला मेल याच वळणाचा होता.

तेव्हा ठरवलं की जे मॅडम करू शकतात ते गेटवेने आधी करायचं. वाचायचं, पासवर्ड शोधायचा, लावायचा. आमच्या गेटवेच्या पुढच्या आवृत्तीत ही सोय तयार मिळत होती, पण ती नेमकं काय करते हे कळावं म्हणून मी आधी छोटीशी स्क्रिप्ट लिहून जुन्या मेलवर चालवली. हा भाग वाटला त्यापेक्षा चिवट निघाला.

‘पासवर्ड’ या शब्दापुढचा शब्द उचलायचा हे सोपं. पण लोक लिहितात ‘पासवर्ड नेहमीचाच’. लिहितात ‘फाइल उघडायला तुमची जन्मतारीख वापरा’. पुढे पूर्णविराम चिकटलेला असतो, तो पासवर्डचा भाग आहे की वाक्याचा? दोन्ही करून बघायचं. अवतरणचिन्हं वर्ड प्रोसेसरने वळणदार करून टाकलेली असतात. एचटीएमएल मेलमध्ये एकच पासवर्ड तीन तुकड्यांत विभागलेला, किंवा मध्ये न दिसणारी शून्य-रुंदीची जागा घातलेली. ही दुसरी गोष्ट प्रामाणिक माणूस सहसा करत नाही, म्हणून ती दिसली की पासवर्ड मिळो न मिळो, मेलचे गुण कापायचे. देवनागरी आकड्यांत लिहिलेला पासवर्ड रोमन आकड्यांत बदलूनही बघायचा. आमच्या मॅडमनी ‘७७४१’ वाचून रोमन आकडेच टाइप केले होते, विचारही न करता.

शेवटी क्रम असा बसला: आधी रिकामा आणि ठरलेले पासवर्ड, मग खुणेच्या शब्दांजवळचे शब्द, मग अवतरणातले आणि ठळक केलेले, मग फाइलचं नाव आणि विषयाची ओळ, मग मेलमधला प्रत्येक वेगळा शब्द. त्यानंतर त्याच पाठवणाऱ्याचे गेल्या २४ तासांतले इतर मेल, कारण पासवर्ड वेगळ्या मेलने पाठवायची पद्धत बरीच रुळलेली आहे. चित्र असेल तर त्यावरची अक्षरं ओळखून तेही शब्द यादीत.

यात मी एक चूक केली, तिच्यामुळे दोन दिवस गोंधळलो. स्क्रिप्ट काही झिपवर ‘पासवर्ड सापडला’ म्हणायची आणि आतून कचरा निघायचा. जुन्या झिप कुलपात पासवर्ड बरोबर आहे का हे ओळखायला सहसा एकच बाइट तपासला जातो, म्हणजे २५६ चुकीच्या शब्दांमागे सरासरी एक शब्द निसटून ‘बरोबर’ ठरतो. दोनतीनशे वेगवेगळ्या शब्दांचा मेल असेल तर असा खोटा पासवर्ड सापडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. एईएस झिपमध्ये ही खूण दोन बाइटांची आहे, म्हणजे ६५,५३६ मध्ये एक. पूर्ण फाइल उघडून तिची अखंडता पडताळल्याशिवाय पासवर्ड मिळाला असं मानायचं नाही, आणि पडताळणी फसली तर ‘स्वच्छ’ नव्हे तर ‘बघता आलं नाही’ असाच निकाल द्यायचा. माझ्या पहिल्या स्क्रिप्टने तो कचरा स्कॅन करून ‘धोका नाही’ म्हटलं होतं. ज्या चुकीसाठी हा सगळा खटाटोप चालला होता ती मी स्वतःच्या हाताने पुन्हा केली होती.

वेळेचंही गणित आहे. झिपवर शेकडो शब्द चुटकीसरशी लावून होतात. सेव्हनझिप मात्र एकेका पासवर्डमागे ५,२४,२८८ वेळा हॅश (मजकुराचा गणिती ठसा) फिरवतं, आणि नव्या ऑफिस फाइली १,००,००० वेळा. अंदाज बांधणाऱ्याला दमवायलाच ती रचना आहे, आणि इथे अंदाज बांधणारे आपण आहोत. म्हणून या प्रकारांवर यादीतले वरचे थोडेच शब्द लावायचे आणि एका मेलमागे ठरावीक सेकंदांनंतर थांबायचं. उघडल्यानंतरही मर्यादा हव्यात. आत किती थर शिरायचं, किती मोठं होऊ द्यायचं. अवघ्या ४२ किलोबाइटची ती प्रसिद्ध झिप फुगत फुगत पेटाबाइटांच्या घरात जाते. पासवर्ड लावून असली झिप कुणी पाठवली तर आपलाच गेटवे आपल्या हाताने स्फोट घडवणार.

मनुष्यबळ विभागाचा आक्षेप

यानंतरही काही मेल उरले, पासवर्ड फोनवर किंवा दुसऱ्या मार्गाने दिलेले. यातली मेख अशी की खऱ्या अर्थाने काळजी घेणारे लोक हेच. पासवर्ड मेलमध्ये नसणं हे सचोटीचं लक्षण, आणि नेमके तेच मेल आपल्याला तपासता येत नाहीत. त्यांना सरसकट अडवणं म्हणजे नीट वागणाऱ्याला शिक्षा.

यांच्यासाठी तिसरा रस्ता काढला. मेलचा मजकूर पोहोचतो, अटॅचमेंट मागे राहते, आणि तिच्या जागी आमच्या आतल्या पानाचा दुवा. ज्याला फाइल हवी त्याने तिथे पासवर्ड टाकायचा, गेटवे फाइल उघडून तपासतो आणि ठीक असेल तर मूळ कुलूपबंद फाइल देतो.

पहिली हरकत मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांनी घेतली, आणि ती रास्त होती. “पगारपत्रकाला पासवर्ड लावतो तो तुम्हालाही दिसू नये म्हणून. आता तो तुमच्याच मशीनला सांगायचा?” मी सुरुवातीला सुरक्षेचं भाषण ठोकलं, त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. दुसऱ्या बैठकीत मी कागदावर चार गोष्टी लिहून नेल्या. उघडलेली फाइल फक्त मेमरीत राहील, डिस्कवर उतरणार नाही. पासवर्ड लॉगमध्ये जाणार नाही, त्याची लांबीसुद्धा नाही. तपासणी संपताच सगळं पुसलं जाईल. आणि फाइल बाहेरच्या कुठल्याही सेवेकडे जाणार नाही, फार तर तिचा हॅश जाईल. शेवटची अट त्यांच्यापेक्षा मला जास्त हवी होती. संशयास्पद फाइल व्हायरसटोटल या अनेक अँटीव्हायरसांनी फाइल तपासणाऱ्या संकेतस्थळावर चढवायची सवय आमच्याच तंत्रविभागाला होती, आणि तिथे चढवलेली फाइल सशुल्क ग्राहकांना उतरवून घेता येते हे अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं. पगारपत्रक तिथे गेलं असतं तर व्हायरसपेक्षा मोठं प्रकरण झालं असतं.

क्रोम ब्राउझरने २०२४ मध्ये संशयास्पद कुलूपबंद डाउनलोडसाठी असाच पासवर्ड विचारायला सुरुवात केली, आणि त्यातही हाच तिढा दोन तऱ्हांनी सोडवलाय. वर्धित संरक्षण घेतलेल्यांची फाइल आणि पासवर्ड गूगलकडे जातात. साध्या संरक्षणात दोन्ही मशीनवरच राहतात आणि आतल्या फाइलींचे बाह्य तपशील तेवढे पडताळले जातात. आम्ही पगारपत्रकांसाठी दुसऱ्या तऱ्हेच्या जवळ जाणारी तडजोड केली: मनुष्यबळ विभागाला ठरलेल्या सहा पाठवणाऱ्यांकडून येणारी फाइल बाहेरच्या तपशिलांवर पारखायची, आत नावाप्रमाणे एक्सेल किंवा पीडीएफच असेल तर जाऊ द्यायची. अशा सवलतीतून धोका शिरू शकतो. त्या सहांपैकी कुणाची पेटी फुटली की शिरेल. तो धोका आम्ही लिहून, सही घेऊन स्वीकारला. ‘तात्पुरतं’ असं न लिहिता पुढच्या फेरतपासणीची तारीख लिहिली.

मशीनवर कुलूप उघडतं तेव्हा

मेलवर कितीही केलं तरी कुलूप शेवटी वापरणाऱ्याच्या मशीनवर उघडतं आणि त्या क्षणी फाइल साधी होते. मग तिथल्या संरक्षणाने ती का थांबवली नाही? थांबवली, पण उशिरा, डीएलएल चालू झाल्यावर. डीएलएलचा नमुना ताजा होता, सिग्नेचरमध्ये बसत नव्हता, तिच्या वागण्यावरून ती पकडली गेली.

मध्ये आणखी एक अडसर असायला हवा होता. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक खूण ठेवतं, ‘ही बाहेरून आली’ अशी, आणि ती खूण असली की शॉर्टकट किंवा मॅक्रो (दस्तऐवजातला छोटा प्रोग्राम) चालवण्याआधी इशारा येतो. पण खूण झिपवरून आतल्या फाइलवर उतरली पाहिजे. सेव्हनझिपमध्ये ती उतरवण्याचा पर्याय जून २०२२ च्या २२.०० या आवृत्तीत आला, तोही आपण चालू केला तर. आयएसओच्या आतल्या फाइलींना विंडोजकडून ही खूण मिळतच नव्हती, ते भोक नोव्हेंबर २०२२ च्या सुरक्षा-अपडेटने बुजवलं. गुन्हेगार आयएसओकडे वळले त्यामागे हेच कारण होतं: २०२२ मध्येच मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींमधले मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली होती. मॅडमच्या मशीनवर ते अपडेट पोहोचलेलं नव्हतं. कारण सांगत नाही, कंटाळवाणं आहे.

आम्ही हिशेब आणि विक्री विभागांच्या मशीनवर आयएसओ डबल-क्लिकने उघडणंच बंद केलं. कुणाची तक्रार आली नाही. तिथे कुणाला आयएसओ लागतच नव्हती.

चाचणी

नवी मांडणी चालू करण्याआधी आयकारची चाचणी-फाइल वापरली. ६८ अक्षरांची ही निरुपद्रवी ओळ सगळे अँटीव्हायरस व्हायरस म्हणून ओळखतात, आपापसांत ठरवलंय तसं. ती जुन्या कुलपाच्या झिपमध्ये, एईएस झिपमध्ये, नावं झाकलेल्या सेव्हनझिपमध्ये आणि झिपमधल्या झिपमध्ये घालून बाहेरच्या खात्यावरून स्वतःला पाठवली, पासवर्ड कधी मजकुरात, कधी चित्रात, कधी दहा मिनिटांनी दुसऱ्या मेलने.

दुसऱ्या मेलवालं प्रकरण फसलं, आणि फसायलाच हवं होतं. पहिला मेल तपासला गेला तेव्हा दुसरा आलेलाच नव्हता. म्हणून आता पासवर्ड न मिळालेली फाइल थोडा वेळ थांबते आणि त्याच पाठवणाऱ्याचा पुढचा मेल आला की पुन्हा प्रयत्न होतो. झिपमधल्या झिपला आत वेगळा पासवर्ड असेल तर गेटवे आधी बाहेरची उघडून समाधानी व्हायचा, तेही सुधारावं लागलं. प्रत्येक थरासाठी यादी पुन्हा पहिल्यापासून.

पाठवणाऱ्यांची बाजू

एवढं झाल्यावर एका सहकाऱ्याने विचारलं, लोक मुळात झिपला पासवर्ड लावून पाठवतातच का? जपानमध्ये ही सवय इतकी खोलवर रुजली होती की आधी कुलूपबंद झिप, मागून पासवर्डचा मेल, या प्रथेला ‘पीपीएपी’ असं नावच पडलं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या डिजिटल खात्याच्या मंत्र्यांनी आपल्या सरकारी कार्यालयांत ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यावर तिथे होणारी टीका ओळखीची वाटली: एकाच वाटेने कुलूप आणि चावी, आणि व्हायरस तपासणारा मात्र आंधळा.

आम्ही नेहमीच्या पाठवणाऱ्यांना फाइल चढवण्यासाठी एक सुरक्षित पान दिलं. बहुतेक जण वळले. ज्याच्या नावाने तो मेल आला होता तो पुरवठादार मात्र अजून झिपच पाठवतो, पासवर्ड मजकुरात. त्यांना दोनदा फोन करून झाला. त्यांचं म्हणणं, त्या प्रकरणानंतर त्यांच्याकडे सगळ्या बिलांना पासवर्ड लावणं सक्तीचं केलंय.

एक वाट अजून पूर्ण बंद नाही. २०२२ मध्ये क्वाकबॉट या मालवेअरने अटॅचमेंट म्हणून साधं एचटीएमएल पान पाठवायला सुरुवात केली होती. पान उघडलं की ब्राउझर आतल्या आत कुलूपबंद झिप तयार करून डाउनलोड करतो, पासवर्ड पानावरच लिहिलेला. गेटवेपाशी झिप अशी येतच नाही. आम्ही बाहेरून येणाऱ्या एचटीएमएल अटॅचमेंट सध्या सरसकट मागे ठेवतोय. त्यावर विक्री विभागाची पहिली तक्रार गेल्या गुरुवारी आली, आणि ‘हे आजच्या आज सोडवा’ असा निरोपही.